दुरुस्त केलेली पेटी

१७ जून २००२
कोल्हापूर

ति. आण्णांना,
सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र आईच्या हातात ठेवाल आणि बाहेर पडायला चप्पल शोधू लागाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून आईलाच सांगते. आई, तू मोठ्यानं वाचायला घे. चप्पल सापडेपर्यंत निम्मं पत्र होऊन जाईल.

बातमी अशी की तुमची लेक डॉक्टर होणार आहे. सुई टोचणारी डॉक्टर नव्हे हं, गाण्यातली. तीन वर्षांपूर्वीच नाव नोंदवलं होतं, तुम्हाला कळवलं नाही. तीनशे पानांचा प्रबंध लिहायचा, आणि तेवढ्यावर भागत नाही. जानेवारीत दोन परीक्षकांसमोर दीड तास गायचं आहे. जे कागदावर लिहिलं ते गळ्यातून निघालं नाही, तर पदवी नाही. विषय आहे भातरोपणीची गाणी. चिखलात वाकून रोप लावताना बायका ती कशी म्हणतात, आणि मंचावर बसून ती तशीच गाता येतील का, हे मी शोधते आहे. गगनबावड्याच्या बाजूला दोन पावसाळे काढले. छत्र्या मोडल्या, जळवा लागल्या, कॅसेटींना बुरशी आली. पण गाणी मिळाली.

आता फक्त आजरा गाव राहिलं आहे. तेच शेवटी का ठेवलं, असं माझ्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं तेव्हा मी थाप मारली. खरं कारण असं की ते आजीचं गाव. तिथं गेले की लोक तुमची चौकशी करणार. काय सांगू? आण्णा माझ्याशी बोलत नाहीत, असं सांगू?

सात वर्षांपूर्वीच्या त्या भीमजयंतीचं माझ्या बाजूनं एकदा सांगून टाकते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. शिष्यवृत्ती हातात आली होती. मैत्रिणींनी ड्रेस शिवले, मी तुमची पेटी दुरुस्त करायला टाकली. तुम्ही मागावर पाळीला गेलेले असताना आईला सांगून नेली आणि कोल्हापुरात पेटीवाल्या हंबीररावांकडं दिली. नवा भाता बसवला, पॉलिश केलं, आणि ती काळी तीनची पट्टी, जी माझ्या लहानपणापासून उतरलेली वाजायची, ती सुरात लावून घेतली. गुरुजींकडं गाणं शिकायला लागून मला तीन वर्षं झाली होती आणि पहिल्या दिवसापासून ते त्या एकाच सुरावरून मला बोलत होते. गंधार उतरतोय, गंधार उतरतोय. मी पेटी शिकले ती तुमच्या मांडीला मांडी लावून, त्या पट्टीवर. मला वाटलं दोष पेटीचा आहे, तो काढला की सगळ्यांचंच भलं होईल. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण मला तुमचं तोंड बघायचं होतं.

बघितलं. समाजमंदिरासमोरच्या स्टेजवर तुम्ही पेटी उघडली. वंदना झाली आणि आपल्या गायन पार्टीचं नेहमीचं पहिलं गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला तुमचं बोट त्या पट्टीवर गेलं आणि तुम्ही थांबलात. पुन्हा धरलं, पुन्हा थांबलात. मग भाता मिटला आणि सगळ्या कबनूर गावाच्या देखत स्टेजवरून खाली उतरलात. गुंडूकाका ढोलकीवर हात ठेवून नुसते बघत राहिले. आणि मी, अठरा वर्षांची शहाणी, मांडवाच्या मागं सगळ्या पार्टीसमोर म्हणाले, "जन्मभर बेसूर गायलात, आता सुरात गायची वेळ आली तर जमेना होय?"

तुम्ही एवढंच म्हणालात, "पेटी घिऊन जा तुझी."

मी ती घेऊन गेले. सात वर्षं मी तिच्यावरच रियाज करते आहे. तुम्ही त्या दिवसापासून गायला नाहीत, असं आई सांगते. मी घरी आले की तुम्हाला नेमकी पाळी लागते. एवढा राग कशाचा आला हे मला अजून समजलेलं नाही. लेकीनं चारचौघांत बापाची चूक काढली, त्याचाच ना? माझी जीभ सैल सुटली, त्याबद्दल हात जोडते. पेटी नीट केली त्याबद्दल मात्र जोडणार नाही, ते मी मायेनं केलं होतं.

आता चप्पल सापडली असेल. पुढच्या महिन्यात आजऱ्याला जाऊन येते.

तुमची,
संघप्रिया


२४ जुलै २००२
आजरा

आण्णा,

आई, हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस. त्यांच्या हातात दे आणि तू स्वयंपाकघरात जा.

आण्णा, तुम्हाला बायडाबाई आठवत असतील. आजीच्या शेजारी एकाच ओळीत रोप लावायच्या त्या. आता ऐंशीच्या पुढं आहेत, दात गेलेत, कान शाबूत आहेत. काल त्यांच्या सोप्यात टेप लावून बसले, तर गायला तयार नाहीत. म्हणाल्या, "कोरड्या पायानं गानं येत न्हाय गं. तू सोनूबाईची नात न्हवं? मग खोच की लुगडं."

मी पंजाबी ड्रेसमध्ये होते. तो गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि शिरले वाफ्यात. टेपरेकॉर्डर बांधावर, इरल्याखाली ठेवला. बायडाबाई वाकल्या, हातात रोपाची मूठ घेतली आणि म्हणायला लागल्या. पहिली ओळ ऐकली आणि माझ्या हातातलं रोप पाण्यात पडलं. आण्णा, ही तर आपल्या पार्टीच्या पहिल्या गाण्याची चाल. शब्द तुमचे, चाल रोपणीची. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.

दुसऱ्या ओळीला त्यांचा सूर खाली बसला. त्यांच्या मागं रोप लावणाऱ्या चौघीजणींचाही बसला. गगनबावड्याकडं एकीचाही असा बसला नव्हता. मला वाटलं म्हातारीचा दम सुटला आणि बाकीच्या तिच्यामागं फरफटल्या. आणि बघा, सात वर्षांत मी काही शिकलेली नाही, कारण मी पुन्हा तोंड उघडलं. म्हटलं, "आजी, इथं जरासं वर घ्या."

त्या तशाच वाकलेल्या, मान वळवून म्हणाल्या, "वर कशाला? सोनूबाई हितंच थांबायची. म्होरं ती आन मागं आमी समद्या. तिच्यासारका कुनाला जमला न्हाय त्यो, पर जायचं तितंच."

मग म्हणाल्या, "तुझ्या बाला इचार की. त्यानं घेतलाय त्यो पेटीत."

आण्णा, त्यांनी मला सगळं सांगितलं. तुम्ही कबनूरहून नवी घेतलेली पेटी खांद्यावर टाकून आलात. आईचं गाणं पेटीत घेणार, असं सगळ्यांना सांगितलंत, आणि पेटीत तो सूर सापडेना. ह्या पट्टीवर नाही, त्या पट्टीवर नाही, मधेच कुठंतरी. तेव्हा तुम्ही बांधावर पोतं अंथरून बसलात, पेटीची फळी उघडलीत, आणि बारीक कानस घेऊन त्या सुराची पितळी जीभ घासायला लागलात. जरा घासायचं, वाजवून बघायचं आणि हाक मारायची, "आई, परत म्हन!" आजी चिखलात वाकून पुन्हा म्हणायची. बाकीच्या बायका हसून हसून ओळ सोडून द्यायच्या. असं तीन दिवस चाललं होतं म्हणे. आजी ओरडली होती, "आरं, नवी पेटी वाया घालीवशील!" आणि तुम्ही म्हणाला होतात, "जाऊ दे की वाया."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो सूर लागला. आजी वाफ्यातून वर आली, चिखलाच्या हातानं तिनं ती पट्टी दाबून बघितली आणि म्हणाली, "ह्यो तर माझाच की."

आणि मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. मी तो दुरुस्त करून आणला.

मला आजीची फक्त मशेरी आठवते, आणि माझी वेणी घालणारे खरबरीत हात. तिचा आवाज आठवत नाही. मी दहा वर्षांची होते ती गेली तेव्हा. तुमच्यापाशी तिचा एवढा एकच सूर उरला होता.

का नाही सांगितलंत, आण्णा? त्या मांडवामागं माझ्या थोबाडीत एक ठेवून द्यायची होती.

संघप्रिया


११ ऑगस्ट २००२
कोल्हापूर

आण्णा,

मागच्या पत्रात शेवटी मी तुमच्यावरच चिडले. ही माझी जुनी खोड आहे. चूक स्वतःची असली की आवाज चढतो. आज सरळ लिहिते. मी चुकले. जे बोलले ते तर चुकलेच, पण पेटी नीट केली तेही चुकले. विचारायला हवं होतं. घरातल्या वस्तूला हात लावण्याआधी ती तशी का आहे हे माणूस विचारतो. मी चार इयत्ता शिकले आणि विचारायचं विसरले. मला माफ करा.

काल पेटी घेऊन हंबीररावांकडं गेले. त्यांनी तो सूर, म्हणजे ती पितळी जीभ, काढून भिंगाखाली धरला आणि बराच वेळ बघितला. म्हणाले, "हे बघा ताई, हितं बुडाला कुनीतरी घासलंय, सूर उतरवायला. लई निगुतीनं घासलंय, कारागिरानं करावं तसं. आन हितं टोकाला मी घासलं, चढवायला. मला तवाच इचारायला पायजे हुतं, पर तुमी म्हनला बेसूर हाय, मी केलं." त्यांनाही वाईट वाटलं. पुन्हा उतरवायचा तर बुडाला पुन्हा घासावं लागेल, आणि ती जीभ तिथं आता इतकी पातळ झाली आहे की एकदाच घासता येईल. जास्त झालं तर तुटेल. नवा सूर टाकता येईल, पण ती जीभ आजीच्या समोर घासलेली आहे, मला तीच हवी आहे. कुठपर्यंत उतरवू, असं त्यांनी विचारलं. ते मला माहीत नाही, म्हणून पेटी तशीच परत आणली.

बायडाबाईंची टेप मी रोज ऐकते. म्हातारीचा आवाज थरथरतो, दर वेळी वेगळ्या जागी बसतो. जायचं कुठं ते तिला ठाऊक आहे, पण पोचत नाही. बाकीच्या बायका तर तिच्याही मागं.

म्हणून तुम्हाला विचारते. तो सूर तुम्ही लावून द्याल का? परीक्षेसाठी म्हणत नाही. बरं, परीक्षेसाठीही म्हणते, खोटं कशाला बोलू. पण परीक्षा नसती तरी विचारलं असतं. पेटी घेऊन मी कधीही येते. नुसतं 'ये' एवढं लिहा.

तुमची,
संघप्रिया


२० ऑक्टोबर २००२
कोल्हापूर

आण्णा,

काल आईचा कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन आला. तिनं तुमची चहाडी केली, तिला रागवू नका.

ती म्हणाली, माझी पत्रं तुम्ही तीनही वाचलीत, तिसरं दोनदा. मग माळ्यावरची ट्रंक काढलीत, त्यातली कानस काढून धोतराच्या फडक्यानं पुसलीत आणि दारात बसून गुणगुणायला लागलात. आई म्हणाली, सात वर्षांनी घरात आवाज ऐकला, भाकरी तव्यावर तशीच राहिली. दुसऱ्या ओळीला तुम्ही थांबलात. पुन्हा पहिल्यापासून धरलंत, पुन्हा थांबलात. असं दिवेलागणीपर्यंत. शेवटी कानस ट्रंकेत ठेवलीत आणि तिला म्हणालात, "आता मला बी कळंना. आईचा कंचा आन दुरुस्त पेटीचा कंचा. इसरलो मी."

एवढं सांगून आईनं फोन ठेवला. 

आण्णा, ही माझी करणी आहे. तो सूर पेटीत होता तोवर तुम्हाला आठवायची गरज नव्हती, बोट ठेवलं की आजी बोलायची. मी तो पुसून टाकला आणि पेटी घेऊनही आले.

माझ्या मार्गदर्शक बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "तेवीस गाणी आहेत तुझ्याकडं. एक गाळलंस तर परीक्षकांना कळणारसुद्धा नाही." खरं आहे. कळणार नाही. मी त्या गाण्यावर पस्तीस पानं लिहिली आहेत. ती काढून टाकली की प्रबंध वेळेत देता येईल, जानेवारीत गाता येईल आणि नावामागं डॉक्टर लागेल. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. पानं टेबलावर पडून आहेत.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. विसरलात त्यात तुमचा दोष नाही. जेवत जा वेळेवर.

संघप्रिया


१९ नोव्हेंबर २००२
कोल्हापूर

आण्णा,

सोबतच्या पाकिटात कॅसेट आहे. आधी पत्र वाचा, मग गुंडूकाकांच्या टेपवर लावा.

झालं असं. माझ्याकडच्या कोऱ्या कॅसेटी संपल्या. म्हटलं, जुन्या तालमीच्या पडल्या आहेत, त्या पुसून वापराव्यात. त्यातल्या एकीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं 'ऑगस्ट ९२'. पुसण्याआधी सहज लावून बघितली. तशीच पुसली असती तर?

कॅसेटवर मी आहे, सोळा वर्षांची, नुकतीच कबनूरहून आलेली. गुरुजी काफी राग शिकवत आहेत. मी गाते, आणि गुरुजी म्हणतात, "थांब. गंधार उतरला." मी पुन्हा गाते. "थांब. परत उतरला. वर घे." पुन्हा. "कुठून आणलास हा सूर? सोड तो." अर्ध्या तासात त्यांनी मला एकोणीस वेळा थांबवलं आहे. आणि एकोणीसही वेळा, आण्णा, मी अगदी त्याच जागी उतरले आहे. जराही इकडं नाही, तिकडं नाही. तुमच्या पेटीवर दहा वर्षं घोकलेलं होतं ते. मी भिंतीला टेकून बसले आणि किती तरी वेळ रडले.

मग गायला गेले, तर येईना. गळा आपोआप वर जातो, सुरेल, गुळगुळीत. जो घालवायला एवढी मेहनत केली तो आता हाका मारूनही येत नव्हता. आठ दिवस मी बेसूर व्हायचा रियाज केला. शेजारच्या काकूंनी काढा आणून दिला.

शेवटी गुरुजींकडं गेले. ते आता फारसं बोलत नाहीत. कॅसेट ऐकवली, आजीचं, तुमचं, सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "हा सूर तुझ्या गळ्यातून काढायला मला पाच वर्षं लागली. मी कधी विचारलं नाही कुठून आणलास. म्हणजे विचारलं, पण उत्तर ऐकायला थांबलो नाही." मग म्हणाले, "बसून शोधू नकोस. त्या बायका बसून गात होत्या का?"

आण्णा, तो फरशी पुसताना आला. वाकलेली होते, हातात ओलं फडकं होतं, लक्ष कोपऱ्यातल्या डागावर होतं. दुसऱ्या ओळीला खाली बसला. मग टेप लावला आणि सगळी खोली पाच वेळा पुसून काढली.

कॅसेटच्या पहिल्या बाजूला 'ऑगस्ट ९२' आहे. दुसऱ्या बाजूला परवाचं, तुमच्यासारखा काळी दोनला सा धरून गायलेलं. मला तो सूर बरोबर वाटतो, पण माझ्या वाटण्यावर आता माझा फार विश्वास नाही. तो आजीचा आहे की नाही हे तुमच्याइतकं नेमकं कुणीच सांगू शकत नाही. ऐकल्यावर आठवेल का बघा. नाही आठवला तर तसं सांगा, मी ती पस्तीस पानं काढून टाकेन. अंदाजानं आजीच्या नावावर काही गाणार नाही.

तुमची,
संघप्रिया


२ डिसेंबर २००२
कबनूर

चि. संघप्रिया हीस,
जयभीम.

कॅसेट पोचली. गुंडूच्या घरात बसून ऐकली. दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा गुंडूनं लावू दिली न्हाय. म्हनला, रडायचं आसंल तर घरला जा, माज्या दारात माणसं गोळा हुत्यात.

पयल्या बाजूला गुरुजी तुला थांबीवत्यात. त्यास्नी माजा जयभीम सांग. मानूस चांगला दिसतुय. पर पोरगी बराबर हुती म्हनून सांग.

त्या जयंतीला मला राग आल्ता, ते खरं. पर राग दोन दिसांत गेल्ता. बोललो न्हाय त्येचं कारन निराळं हाय. मला वाटलं, तू शिकल्याली, तुजंच बराबर आसंल. आईचाच सूर चुकीचा, आन मी येड्यागत जन्मभर चूक जपली. हे तुला कसं इचारू? तू व्हय म्हनली आस्तीस तर? म्हनून तुज्या म्होरं येत न्हवतो. पाळीचं खोटं सांगत हुतो.

आता दुसरी बाजू. मागं बादली वाजतीया, ती चांगली वाटली. पाच बारीला म्हनलंयस. पयल्या तीन बारीला ती आईच हाय. चौथ्या पाचव्याला तू ध्यान दिऊन म्हनायला गेलीस आन वर सरकलीस. ध्यान दिऊ नगंस.

पस्तीस पानं ऱ्हाऊ देत.

हंबीररावाला पेटीला हात लावू दिऊ नगं. ऐतवारी मला सुट्टी हाय, खरी सुट्टी. पेटी घिऊन ये. यष्टीत मांडीवर घे, टपावर टाकू नगं. कानस ट्रंकेतनं काडून ठिवलीया. अंगनात बादली आन फडकं ठिवतो. तू पुसत पुसत म्हन, मी घासतो. परत म्हन म्हनलं की परत म्हनायचं, तीन दिस लागलं तरी. आन जीभ तुटली तर तुटू दे. पेटीत न्हाय ऱ्हायला तरी तुज्या गळ्यात हाय की त्यो.

तुजी आई म्हनती जेवायलाच ये.

अण्णासो